उजमाचं इफ्तारीचं ताट

मेहरुन्निसाच्या तोंडाला कुणी लागत नसे. पडेगावच्या त्या गल्लीतल्या सगळ्या बाया ब्लाऊज शिवायला तिच्याकडेच टाकत. पण तिच्या उजमाला कुणी ‘येडी’ म्हटलं, की कापड तसंच परत जाई. शेजारच्या एकट्या धोंडिबाचं तिला काही वाकडं करता येत नव्हतं, कारण त्याला ब्लाऊज लागत नव्हते. “पोरीला आवरा, लई वरडती,” असं तो आपल्या ओट्यावरून सुनवायचा, म्हणून तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

उजमा सात वर्षांची. ऑटिझम आणि एडीएचडी, दोन्ही. वाटी आणायला पाठवावं, तर वाटेत मांजर दिसलं की वाटी विसरली. ठरलेलं काही बदललं, की जमिनीवर लोळण. थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, एक काम निवडा, त्याचे तुकडे करा, रोज तेच करून घ्या. मेहरुन्निसानं शेजारी इफ्तारी पोचवायचं काम निवडलं. रमजानात गल्लीतली पोरं ताटं घेऊन पळतात. आपलीही पळावी, एवढीच तिची हौस.

महिनाभर आधीच सराव सुरू झाला. समोरच्या चंपाबाईचं दार वाजवायचं, “अम्मीनं दिलंय, ताट रिकामं करून द्या” म्हणायचं, परत यायचं. ताट मुळात रिकामंच असायचं, तरी चंपाबाई ते रिकामं केल्याचं सोंग करी. आणि शेजारचं ताट रिकामं परत कसं पाठवायचं, म्हणून त्यात चिमूटभर साखर टाकी.

पहिल्या रोज्याला भजी, खजूर, टरबुजाच्या फोडी झाकून घेऊन उजमा निघाली. मेहरुन्निसा खिडकीत. आणि चंपाबाईच्या दाराला कुलूप! नातवाला आणायला ती नेमकी तेव्हाच गेली होती. आता पोर लोळणार, ताट मातीत जाणार, आणि धोंडिबा ओट्यावर बसलेलाच. मेहरुन्निसा घाईघाईनं चप्पल शोधू लागली.

उजमानं कुलूप हलवून पाहिलं. थोडा वेळ पुटपुटत उभी राहिली. मग वळली आणि ताट धोंडिबासमोर धरलं.

“अम्मीनं दिलंय. ताट रिकामं करून द्या.”

“मला? व्हय?” धोंडिबा गडबडला. आत जाऊन त्यानं ताट रिकामं करून आणलं. उजमा जागची हलली नाही.

“साखर,” ती म्हणाली.

तो परत आत गेला आणि मूठभर साखर घालून आला. एक चप्पल हातात घेऊन खिडकीत थबकलेल्या मेहरुन्निसाकडे बघत म्हणाला, “पोरगी लई पक्की हाय तुमची.”

“माझीच हाय ती!” मेहरुन्निसा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली.

अजान झाली. समोर खजूर होते, तरी मेहरुन्निसानं रोजा सोडला तो त्या साखरेनं.