ओरिजिनल कपाटात, नंबर विहिरीवर

मी कागदपत्रं सांभाळून ठेवणारा माणूस आहे. शाळेत बावीस वर्षं लिपिक आहे आणि माझ्या टेबलावरून आजवर टाचणीसुद्धा गहाळ झालेली नाही. म्हणून मुलगी प्रज्ञा शिकायला इंदूरला निघाली, तेव्हा तिचं लायसन आणि स्कूटरची आरसी मी घरच्या कपाटात कुलूपबंद केली आणि तिच्या हाती रंगीत झेरॉक्स ठेवली. वर लॅमिनेशन करून! (परराज्यात ओरिजिनल फिरवू नये, हा नियम. कुणाचा? माझाच.)

स्कूटर माझ्या नावावर. तिच्या नोंदणीवर आणि पोरीच्या लायसनवर मोबाईल नंबरही माझाच. पुढे मी नवा नंबर घेतला. पण जुनं सिम काय फेकून द्यायचं? मोताळा आमचं गाव, जवळच शेत आहे. तिथं विहिरीवरच्या पंपाला मोबाईल स्टार्टर लावलाय, त्याच्या पेटीत मी ते बसवलं. घरून रिंग दिली की पंप सुरू, परत रिंग दिली की बंद. पेटी स्वस्तातली, त्यामुळे ती माझंच नव्हे, कुणाचंही ऐकायची. पण आमच्या विहिरीला फोन करणार कोण?

सोयाबीन काढणीचे दिवस होते. मी आणि सौ. सुनंदा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जेवायला बसलो होतो, इतक्यात पंप आपोआप सुरू झाला. पाइपाचं तोंड नेमकं शेजारच्या भगवानदादाच्या सोयाबीनच्या गंजीकडे! दादा ओलाचिंब होऊन धावत आला.

"काऊन बे, माही सोयाबीन भिजवून राह्यला?"

"म्या नाही केला चालू, दादा!"

"मंग पंप काय सोताच्या मनानं चालते?"

तेवढ्यात पंप बंद पडला. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत राहिलो. तो पुन्हा सुरू झाला!

"दादा, तुमच्याच घरचं कोणी खोडी करून राह्यलं!" मी आवाज चढवला.

"अन् मी माह्याच गंजीवर पाणी सोडीन काय?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी आणखी जोरात ओरडलो. भांडण आजोबांच्या काळातल्या धुऱ्यापर्यंत मागे गेलं, तेव्हा माझा नवा नंबर वाजला. प्रज्ञा होती. रडवेली.

"बाबा, पोलिसांनी स्कूटर अडवली! झेरॉक्स नाही चालत म्हणतात. दोन वाजता माझं प्रॅक्टिकल आहे, नाही पोचली तं विषय राहीन! अन् तुम्ही फोन काऊन उचलून नाही राह्यले?"

"मले फोनच नाही आला!"

"नोंदणीच्या नंबरवर साहेबांनी पाच-सहादा लावला, रिंग जाते अन् कटून जाते!"

सुनंदानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पंपाकडे.

"अवो, थे सिम..."

म्हणजे इंदूरचे पोलीस आमच्या शेताला पाणी देत होते! एक वाजून गेला होता. प्रज्ञाच्या मोबाईलमधल्या सरकारी ॲपवर लायसन आणि आरसी दिसली तर स्कूटर सुटणार होती, पण ॲपचा ओटीपी त्याच नंबरवर, म्हणजे विहिरीवर. मी फोन स्पीकरवर टाकला आणि धावलो. सुनंदानं मेनस्विच पाडला. पेटीतल्या मुंग्या झटकून मी सिम काढलं, तर ते सुनंदाच्या मोबाईलमध्ये बसेना. मोठं होतं! पोरीचं वर्ष या टिकलीएवढ्या तुकड्यावर अडकलं होतं. शेवटी भगवानदादानंच खिशातून अडकित्ता काढला, सुपारी कातरावी तसं सिम कातरलं आणि म्हणाला, "पोरीचं काम हाय म्हून. सोयाबीनचं मंग पाहू."

रेंज आली. ओटीपी आला. मी आकडे ओरडून सांगितले.

"दिसलं, बाबा! सोडून राह्यले! फक्त एक जुनं चलान बाकी आहे म्हणतात. बिना हेल्मेट, अन् सिग्नल तोडला."

माझ्यातला बाप जागा झाला. "किती वेळा सांगतलं तुले, हेल्मेट घालत जा! पराया राज्यात आपल्या जिल्ह्याचं नाव खराब करतं काय?"

"फोटो पाठवला, बाबा. पाहून घ्या."

पाहिला. लाल सिग्नल, त्याखाली आमची एमएच अठ्ठावीस, आणि वर डोक्याला दुपट्टा गुंडाळून, तोंड उघडं टाकून बसलेला मी! तिला वसतिगृहात सोडलं त्या दिवशी मी स्कूटर घेऊन पोहे खायला गेलो होतो.

"साहेब विचारत होते, हा माणूस कोण?" प्रज्ञा म्हणाली.

"मंग तू काय सांगतलं?"

"म्हटलं, गॅरेजवाला असंल. तुमची इज्जत वाचवली, बाबा!"

पोरगी वेळेत प्रॅक्टिकलला पोचली. मला इतकं हलकं वाटलं की दादाचं ओलं सोयाबीन मी स्वतः पसरून दिलं. फक्त फोन अजून स्पीकरवर होता आणि दादा तिथंच उभा होता, एवढं माझ्या ध्यानात राहिलं नाही. तेव्हापासून मोताळ्यात कुणाची गाडी बंद पडली, की लोक ती ढकलत ढकलत माझ्या दारात आणतात.