मावशीची छोटी रेकॉर्ड आणि तिच्यावरची चिठ्ठी

काल घोटीला मावशीकडे गेले होते, आणि तिथे जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही... आजचा दिवस ऑफिसात कसाबसा काढला आणि तडक सायबर कॅफेत येऊन बसलेय.

गेले काही महिने मला रेकॉर्डचं वेड लागलंय हे या कम्युनिटीत सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांनी कॅसेट सोडून सीडी धरली, सीडी सोडून एमपीथ्री धरली, आणि मी मात्र भद्रकालीच्या जुन्या बाजारातून पेटीसारखा बंद होणारा जुना रेकॉर्ड प्लेअर उचलून आणला. आई म्हणते, हिची गाडी रिव्हर्समध्येच चालते.

त्यात नेटवर वाचून वाचून मी पंडित झालेय. मोठी बारा इंची ती एलपी, मिनिटाला तेहतीस फेरे घेणारी. छोटी सात इंची, दोन-चार गाण्यांची ती ईपी, ती पंचेचाळीसवर. एका बाजूला एकच गाणं असेल तर सिंगल, आणि आजोबांच्या काळातली जड, पडली की फुटणारी, ती अठ्ठ्याहत्तरवाली. कोणी विचारो न विचारो, मी हे ऐकवते... भाऊ आता मला पाहिलं की खोली बदलतो.

तर मावशीने फोनवर सांगितलं की माळ्यावर रेकॉर्डींचं गाठोडं आहे, भंगारात द्यायच्या आधी बघून जा. भंगार हा शब्द ऐकल्यावर मी कसली थांबतेय! प्लेअर मांडीवर घेऊन सकाळच्या एसटीने निघाले.

गाठोडं सोडलं आणि मी वेडीच झाले! नाट्यगीतं, भजनं, सनईच्या एलपी... प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांवर मावशीच्या यजमानांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. पूर्वी लग्नाला, गणपतीला रेकॉर्डी लाऊडस्पीकरवाल्याकडे जायच्या, त्या परत येताना अदलाबदल होऊ नये म्हणून. आपण भांड्यांवर नाव घालतो ना, तसंच.

तळाशी एक सात इंची निघाली. मावशी पटकन म्हणाली, ती राहू दे. तेव्हा मला आईने सांगितलेली हकिगत आठवली...

लग्नाआधी मावशी पंचवटीत भजनाला गायची. मुंबईच्या एका छोट्या कंपनीने तिची दोन भक्तिगीतं रेकॉर्ड केली. रेकॉर्ड हातात पडेपर्यंत तिचं लग्न होऊन ती घोटीला आली होती. सासरी सगळे कौतुकाने जमले, सुई टेकली, आणि असा काही चिरका आवाज आला की सगळं घर हसत सुटलं. मावशीने कडवं संपायच्या आत सुई उचलली. त्यानंतर ती गायलीच नाही... आरतीतसुद्धा नुसत्या टाळ्या वाजवते.

इतकी वर्षं तिचं एकच म्हणणं. "माझा आवाज मशीनला मानवला नाही."

मी हट्टाने लावलीच. छोटी रेकॉर्ड, म्हणून बटण पंचेचाळीसवर. खरंच चिरका आवाज... मावशी नागलीच्या भाकरी करायला आत निघून गेली. काका पेपरात डोकं घालून बसले. मला रडू यायचंच बाकी होतं.

पण माझं लक्ष तबल्याकडे गेलं. मावशीचा आवाज बारीक असेल एक वेळ, पण तबला टिमकीसारखा कसा वाजेल? आणि भक्तिगीताला एवढी घाई कसली? मग एकदम ट्यूब पेटली. परदेशातल्या कुणीतरी नेटवर एका कोपऱ्यात लिहिलं होतं, काही कंपन्या सात इंची रेकॉर्डसुद्धा तेहतीसच्या वेगाची काढायच्या, कमी जागेत जास्त गाणं बसावं म्हणून. वेग लेबलवर छापलेला असतो... आणि लेबलवर काकांची चिठ्ठी!

ओल्या फडक्याने चिठ्ठी भिजवली, नखाने हळूहळू सोडवली. खाली मावशीचं माहेरचं नाव, आणि त्याच्याखाली बारीक आकड्यांत ३३. बटण फिरवलं, सुई टेकवली.

काय सांगू तुम्हाला... भरदार, सावकाश, मायेने भिजलेला आवाज. मागचा तंबोरासुद्धा ऐकू येत होता.

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला. मावशी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली, गाणं संपेपर्यंत हलली नाही. "हा माझा आवाज," एवढंच म्हणाली.

काकांनी पेपर बाजूला ठेवला. "चिठ्ठी मीच लावली व्हती. घरच्या बाईची रेकॉर्ड म्हून ऐकायच्या आधी लावली." मग खाली बघत म्हणाले, "गाणं परत लाव."

मग काय... दुपारभर तीच! दोन्ही बाजू, पुन्हा पुन्हा. भाकरी करपली, जेवणं लांबली, शेजारच्या काकू येऊन बसल्या. मावशी आधी नुसती ऐकत होती, मग ओठ हलायला लागले.

मी निघायच्या तयारीत असताना काका सवयीने नवी चिठ्ठी आणि डिंक घेऊन आले. मावशीने रेकॉर्ड हातातून सोडली नाही. "नाव आहे की तिच्यावर," म्हणाली. काका डिंक परत ठेवायला आत गेले, आणि मी शेवटच्या एसटीपर्यंत थांबायचं ठरवलं.

बरं झालं थांबले! ज्या अनोळखी माणसाने ती छोटीशी माहिती नेटवर लिहून ठेवली, त्याला आज शोधून मेल टाकणार आहे. त्याला मनापासून थँक यू म्हणायचंय... आणि सांगायचंय की काल संध्याकाळी घोटीत आरतीला मावशी गायली.