काकूंचे दोनशे द्वाड पेशंट

काकूंनी अकरा वर्षांत सलग चार दिवस रजा घेतली नव्हती. रक्ततपासणीच्या लॅबचं ऑफिस, लाखो पेशंटच्या नोंदी डेटाबेसमध्ये, आणि त्या डेटाबेसच्या किल्ल्या काकूंच्या हातात. प्रोग्रामर मंडळींना त्यात काहीही बदलायचं असलं, की बदल कागदावर छापून काकूंपुढे ठेवायचा. काकू तो मोठ्याने वाचणार, तीन ठिकाणी नाक मुरडणार आणि मग स्वतः चालवणार. मंडळी वैतागत, पण एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर कधी गेला नाही, हेही खरं.

आता लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं आणि तिला आई महिनाभर हवी होती. "तुझा डेटाबेस काय पळून जाणार आहे का?" लेकीने फोनवर विचारलं.

तोडगा काढला टीमच्या प्रमुखांनी. त्यांना सगळे दादा म्हणत. कुणी नवा कोड जमा केला की त्याच्या चाचण्यांची साखळी आधीपासूनच आपोआप चालायची. दादांनी त्याच साखळीला डेटाबेस जोडला. बदल आधी नकली डेटाबेसवर चालेल, चाचण्या पास झाल्या तर खऱ्यावर. पहिलाच बदल होता, फोन नंबर सक्तीचा करण्याचा. स्क्रीनभर हिरव्या खुणा उमटल्या.

"काकू, बॅग भरा!" दादांची कॉलर ताठ. खऱ्या डेटाबेसवर जायला एका बटणाचा अवकाश होता.

"थांबा." काकूंनी नकली डेटाबेस उघडला. आत दहा पेशंट, सगळ्यांना नाव, वय, फोन. "ही दहा गुणी माणसं तुमची ना? एकालाही साधा खोकला झालेला दिसत नाही. अहो, आपल्या कितीतरी म्हाताऱ्यांकडे फोनच नाही. खऱ्या नोंदींवर हा बदल तोंडावर आपटला असता!"

दादांचा चेहरा एवढासा झाला.

मग काकूंनी कंबर कसली. आठवडाभरात दोनशे काल्पनिक पेशंट जन्माला घातले. बिनफोनचे, एका अक्षराच्या नावाचे, एकशेचार वर्षांचे, एकाच दिवशी जन्मलेले तिळे. शिवाय अट घातली, की साखळीने प्रत्येक बदल करून, मागे फिरवून, पुन्हा करून दाखवायचा. नाही जमलं तर तिथेच थांबायचं.

निघताना मात्र त्यांच्या मनात आलं, आपल्यावाचून चाललं, तर आपण कशाला हव्यात?

नात झाली. गुटगुटीत, आवाजाने खणखणीत. दहा दिवस ऑफिसचा एकही फोन नाही. अकराव्या दिवशी काकूंनीच न राहवून लावला.

"सहा बदल सुखरूप गेले," दादा म्हणाले. "सातवा माझा होता. साखळीने अडवला, मी दुरुस्त केला."

"माझी आठवण काढली का कुणी?"

"काढली म्हणजे? हल्ली स्क्रीनवर लाल खूण आली, की अख्खं ऑफिस म्हणतं, काकू ओरडल्या!"

काकू इतक्या हसल्या, की मांडीवरची नात दचकून जागी झाली. मग जरा रडल्याही. रजा त्यांनी आणखी पंधरा दिवस वाढवली.