सर्वांत जास्त शिसं कोणाच्या रक्तात?

आमच्या लॅबमध्ये रक्ताच्या नमुन्यांपेक्षा किस्से लवकर साठतात. नमुन्यांना फ्रीझर लागतो, किस्से मी डमडमला घरी पोचेपर्यंत ताजे राहतात. नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून साताऱ्याहून कोलकात्याला आले आणि या टीमला चिकटले. आमचा प्रश्न साधा आहे: अंगात शिसं साठलेल्या माणसाला डेंग्यूसारखा ताप जास्त छळतो का? उत्तर अजून हाती नाही. टीमबद्दल मात्र मी कॉलर ताठ करून सांगते.

एकदा कोऱ्या नमुन्यात, म्हणजे नुसत्या शुद्ध पाण्यात, शिसं दिसलं. दोन दिवस सगळे मशीनला शिव्या देत होते. मितालीदी आमची सीनियर टेक्निशियन. तिने स्वतःच्या भांगातला सिंदूर कापसावर घेतला, तपासला आणि मीटिंगमध्ये म्हणाली, "मशीन निर्दोष आहे. गुन्हेगार मी."

"आता सासूबाई काय म्हणतील?" मी हळूच विचारलं. दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन आली. सासूबाईंनी अख्ख्या गल्लीतल्या सिंदुराच्या डब्या तपासायला पाठवल्या होत्या.

मीही माझी कुंकवाची डबी पुढे केली. साताऱ्याचं कुंकू पास झालं, तेव्हा मी लॅबभर अशी मिरवले की मितालीदी म्हणाली, "अगं, मार्कलिस्ट लाव ना भिंतीवर."

खरी अडचण बेहाला या कोलकात्याच्या उपनगरात होती. तिथे जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं काढणारा एक छोटा कारखाना आहे. ताप आला की लगेच फोन करा, आम्ही येऊन रक्त घेऊ, एवढंच आमचं मागणं. निमाईदा तिथले सर्वांत जुने कारागीर. त्यांनी चहा पाजला आणि हात मागे घेतला.

"दीदी, रक्तात शिसं निघालं की मालक म्हणणार, हा आजारी माणूस, काढा याला. मग मी घरी काय सांगू?"

पावसाळा अर्धा सरला, एक फोन नाही. प्रोजेक्ट गुंडाळायची भाषा सुरू झाली.

त्यातच आमचे प्रमुख सेन सर यांनी तुलनेसाठी 'स्वच्छ' रक्त म्हणून स्वतःचं दिलं. "माझ्यात काय निघणार? मी भात-मासे खाणारा माणूस!"

टीममध्ये सर्वांत जास्त शिसं सरांच्या रक्तात निघालं. मग त्यांनी कबूल केलं: दर रविवारी ते तळ्यावर गळ टाकून बसतात आणि गळाच्या दोरीवरचे शिशाचे मणी दातांनी चावून घट्ट करतात. चाळीस वर्षं.

दुसरा कोणी असता तर तो कागद ड्रॉवरमध्ये गेला असता. सर तो घेऊन बेहालाला गेले, कारखान्याच्या दारात स्टुलावर बसले आणि मोठ्यांदा वाचून दाखवला. "आणि मी हेच शिकवतो बरं का," ते म्हणाले. निमाईदा पहिल्यांदाच हसले. या माणसाच्या हाताखाली काम करते याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

पुढच्याच आठवड्यात निमाईदांना ताप आला. फोन मात्र मालकांचा. "ताबडतोब या," एवढंच म्हणाले आणि ठेवला. निमाईदांची नोकरी गेली, असं धरूनच मितालीदी आणि मी ऑटोत बसलो.

कारखान्यात सगळे कामगार भिंतीला टेकून उभे. निमाईदा बाकावर चादर पांघरून. आणि टेबलाशी मालक, शर्टाची बाही दंडापर्यंत वर केलेली.

"आधी माझं घ्या," ते म्हणाले. "मला कामावरून कोण काढणार?"