महाल, रांजणखळगे आणि बिनदाराचं गाव

पाथर्डीहून एसटीने नगरला जाताना, शहराच्या अलीकडे डोंगरमाथ्यावर एक तीन मजली दगडी इमारत दिसते. सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. मी चाळीस वर्षं ती खिडकीतूनच पाहत आले. कधी औषधपाण्याला जाताना, कधी अस्तराचं कापड आणायला. दर वेळी म्हणायचे, एकदा वर जायचं. या भाद्रपदात अखेर गेले, पण स्वतःच्या हौसेनं नाही, संगीताच्या नोकरीसाठी.

संगीता माझी शेजारीण. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. दसरा झाला की भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परतते. बरोबर तिची सहावीतली दीपाली. म्हणजे पोरीची निम्मी शाळा दरसाल उसाच्या फडात जाते. शनिशिंगणापुरातल्या एका लॉजला काउंटरवर बाई हवी होती. दक्षिणेकडून येणाऱ्या यात्रेकरूंशी थोडं इंग्रजी बोलणारी. ती जागा मिळाली तर यंदा दीपालीची शाळा बुडणार नव्हती.

मी स्वतः सातवी शिकलेली. उमर शिलाई मशीनवर गेली. इंग्रजी उचललं ते रद्दीच्या पेपरातून आणि नंतर मोबाईलवरून. दुपारी चार वाजता आमच्या ओट्यावर आम्ही चार-पाच बाया वही घेऊन बसतो. नुसतं 'धिस इज अ कॅट' म्हणण्यापेक्षा जगातलं काहीतरी कळावं, म्हणून आमच्या वहीत थोडा इतिहास, थोडं विज्ञान आणि थोडे रीतिरिवाज असतात. आपल्या जिल्ह्याची पानं मी संगीतासाठी मुद्दाम लिहून दिली होती. तीन महिने ती भाकरी थापता थापता घोकत होती.

मुलाखतीचं बोलावणं पितृपक्षातलं होतं. संगीताची भावजय म्हणाली, "पितरांच्या दिसात कुनी नोकरी धरतं का?"

संगीता म्हणाली, "त्यांचं लॉज रिकामं हाय तवरच त्यांना येळ हाय, वयनी."

मी म्हटलं, दोन दिवस आधीच निघू. जे पाठ केलंय ते डोळ्यांनी पाहू, मग बोलायला बळ येतं. दीपालीला भावजयीकडे ठेवलं आणि सकाळची गाडी धरली. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे असा प्रवास खिशाला जड जात नाही.

महालाच्या फाट्यावर उतरतो म्हटल्यावर कंडक्टर म्हणाला, "मावशी, वर जायला रिक्षा न्हाई बरं का. पाय हायेत ना?"

"दोन हायेत," मी म्हटलं.

वळणावळणाच्या रस्त्याने वर जायला माझ्या चालीने पाऊण तास लागला. पाणी खालूनच घेऊन जा, वर काही मिळत नाही. पण वारा असा की घाम जागेवर वाळतो. इमारत आठ बाजूंची आहे. कमानीत उभं राहिलं की सगळं नगर ताटात वाढल्यासारखं समोर दिसतं. संगीताने पदर खोचला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "धिस इज द पॅलेस ऑफ चांदबिबी."

पायरीवर एक म्हातारे चाचा शेंगा सोलत बसले होते. नगरचे गवंडी, आता हातातलं काम सुटलेलं. वारं खायला येतात म्हणाले. त्यांना तेवढं 'पॅलेस' कळलं असावं.

"बेटी, महाल सगळेच म्हणतात. पण हे मयताचं घर आहे."

"मंजी?"

"खाली तळघर आहे, कबरी आहेत. निजामशाहीतला एक वजीर आणि त्याच्या घरची माणसं. महालात झोपलेला माणूस सकाळी उठतो. इथले उठत नाहीत." स्वतःच हसले आणि आम्हाला मूठभर शेंगा दिल्या.

आम्ही खाली वाकून पाहिलं. कबरी होत्या. दाराजवळच्या फलकावरही तेच लिहिलेलं. चाळीस वर्षं मी बसच्या खिडकीतून एका कबरीला महाल म्हणत आले, आणि वर तो वहीत उतरवून दुसरीला शिकवला.

संगीता भराभर पुढे उतरत गेली. फाट्यावर आल्यावर म्हणाली, "आक्का, मंग बाकीचं तरी खरं हाय का?"

मी पिशवीतून वही काढली, तिने ती परत आत सारली.

"मी काय म्हन्ते, आपन माघारी जाऊ. लोकांपुढं खोटं बोलून हसं व्हन्यापरीस कोयता बरा. तो तरी मला नीट येतो."

मी तिला मोठ्या मुश्किलीने नगरला नेलं. माझ्या चुलत बहिणीकडे मुक्काम केला. बहिणीने शेपूची भाजी, बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. संगीताने अर्धीच भाकरी खाल्ली. मी कबूल केलं की चूक माझी, आणि म्हटलं, "उद्या रांजणखळगे पाहायला निघोजला चल. तिथंही वही खोटी निघाली तर परवा सरळ पाथर्डीची गाडी."

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या रस्त्याने शिरूर आणि तिथून जीपने निघोज. जीपवाला दहाजण भरल्याशिवाय चावी फिरवत नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. पाऊस उघडून आठवडा झाला होता, कुकडी नदीचं पाणी उतरलेलं. भर पावसात तिथे जाऊ नका, काठाचा दगड निसरडा असतो.

काय सांगू त्या जागेचं! नदीचं सगळं पात्र काळ्या खडकाचं, आणि त्या खडकात रांजणासारखे खड्डे. काही घागरीएवढे, तर काहींत माणूस उभा मावेल. आमच्या वहीत लिहिलं होतं की भोवऱ्यात सापडलेले गोटे हजारो वर्षं गरगर फिरले आणि त्यांनी खडक कोरून काढला. जीपमधली एक बाई सांगत होती की हे देवीने एका रात्रीत केलं. संगीताने दोघींचं ऐकून घेतलं. मग एका लहान खड्ड्याशी बसली, बाही वर सारून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तळ चाचपू लागली.

"साप असंल गं!" मी ओरडले.

तिने हात बाहेर काढला. मुठीत तीन गोटे. लाडवासारखे गोल, गुळगुळीत. तिने ते तळव्यावर फिरवले, मग खड्ड्याच्या भिंतीवरून बोटं फिरवली. भिंतही तशीच गुळगुळीत.

"आक्का, जात्यावानी झालंय हे. धान्याच्या जागी दगूडच दळलाय." जरा थांबून म्हणाली, "हे खरं हाय."

एक गोटा तिने कनवटीला लावला. येताना शिरूरच्या स्टँडवर तिने दोन वडापाव खाल्ले, वर माझ्यातला अर्धा. मी मनात म्हटलं, आता ही उद्या येते.

तिसऱ्या दिवशी संभाजीनगरच्या रस्त्याने घोडेगाव, आणि तिथून आत शिंगणापूर. या रस्त्यावर रसवंत्यांची रांग आहे. लाकडी चरक, त्याला जुंपलेला बैल, झाडाखाली बाकडी. मी दोन ग्लास सांगितले. संगीता हसायला लागली.

"इतकी वर्सं तोडला, मोळ्या डोक्यावर घिऊन ट्रक भरलं, पन असं बसून कधी पिले न्हाई बघा."

गावातल्या जुन्या घरांना चौकटी आहेत, कवाडं नाहीत. शनिदेवाच्या गावात चोरी होत नाही, अशी श्रद्धा. नव्या इमारतींना आता कुठे कुठे दारं दिसतात, पण लॉजच्या मालकांचं स्वतःचं जुनं घर अजून तसंच, पडद्याचं. मालक साठीचे, पांढऱ्या लेंगा-शर्टातले. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि डोकं खाजवत म्हणाले, "ताई, मला इंग्रजी येत असतं तर माणूस कशाला शोधला असता? तुम्ही बरोबर बोलता का चूक, मी कसं ओळखू?"

तेवढ्यात तमिळनाडूचं एक वयस्क जोडपं आत आलं. मालक म्हणाले, "हे बघा, आलीच तुमची परीक्षा."

त्या काकांनी समोरच्या घराकडे बोट दाखवून विचारलं, "व्हाय नो डोअर?"

संगीताने वहीतलं पहिलं वाक्य म्हटलं. गावकऱ्यांचा शनिदेवावर विश्वास आहे, अशा अर्थाचं. दुसरं तिला आठवेना. मी बाकड्यावर पदराचं टोक पिळत होते. काकांनी पुढे विचारलं, "नॉट अफ्रेड?" भीती नाही वाटत?

संगीताचा हात कनवटीला गेला. मग ती सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलली.

"सर, माय हाऊस ऑल्सो नो डोअर. सिक्स मंथ. शुगरकेन फील्ड. ओन्ली साडी हँगिंग. हिअर, नो डोअर, पीपल स्लीप. देअर, नो डोअर, आय नो स्लीप. माय डॉटर स्लीप. आय सिट."

यातलं एक अक्षरही मी शिकवलेलं नव्हतं. त्या काकूंनी पुढे होऊन संगीताचा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. आम्हाला शब्द कळला नाही, बाकी सगळं कळलं. मग काकांनी खोलीचं भाडं विचारलं, गरम पाणी कधी येतं ते विचारलं. संगीताने मालकांना विचारून नीट सांगितलं. ती माणसं वर गेली.

मालक माझ्याकडे वळले. "काय बोलल्या या?"

मी मराठीत सांगितलं. ऊसतोड्यांच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नसतं, पाचटाच्या भिंती आणि पुढे लावलेली साडी, हेही सांगितलं. त्यांनी कपातली साय चमच्याने बाजूला केली.

"दसऱ्यापासून या," ते म्हणाले. "मागं खोली आहे राहायला. पण ताई, आमच्या रीतीप्रमाणे तिलाही दार नाही. पडदा आहे. मधे आमचं अंगण, पलीकडे माझी आई झोपते. चालेल?"

संगीता उठली, जाऊन ती खोली बघून आली. म्हातारीशीही काही बोलली असावी.

"हितं चालंल," ती म्हणाली.

परतीला मिरी-तिसगाववरून जीप मिळाली. अंतर फार नाही, पण खड्डे एवढे की पाठीची हाडं मोजून घ्यावीत. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते वहीतलं महालाचं पान खोडण्याचं. ओट्यावरच्या बायांना सगळी हकीकत सांगितली. शेजारीपाजारी हसले, हसू देत. आता प्रत्येक ओळीपुढे मी एक रकाना आखलाय. स्वतः पाहिलं असेल तर 'पाहिलं', नाहीतर 'ऐकलं' आणि कुणाकडून ते.

दसऱ्यानंतर टोळ्यांचे ट्रक आमच्या गल्लीवरून गेले. यंदा संगीताचा भाऊ गेला, संगीता नाही. ती दीपालीला घेऊन शिंगणापुरात होती, पोरीचं नाव जवळच्या सोनईच्या शाळेत घातलेलं.

परवा, म्हणजे ऐन तोडणीच्या दिवसांत, तिचा फोन आला. एका पाहुण्याने विचारलं होतं, शनी ग्रहाभोवतीची कडी कशाची असतात? "आय डोन्ट नो सर, आय विल आस्क," असं म्हणून तिने वेळ मारून नेली होती.

"अगं, वहीत आहे माझ्या," मी उठत म्हटलं, "थांब, चष्मा..."

"ऱ्हाऊ द्या आक्का, उत्तर घरातच घावलं. पाहुन्यालाबी सांगितलं. बर्फाचं आन् दगडाचं तुकडं. तुमच्या वहीसंगं जुळतंय का तेवढं बघा."

जुळत होतं. तिथे जाऊन पाहायला काही एसटी नाही, तेव्हा पुढच्या रकान्यात मी लिहिलं: ऐकलं. कुणाकडून, तर दीपाली, इयत्ता सहावी, सोनईची शाळा.