"तक्रार न्हाय!"

नर्सिंगमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईकडं किस्से मागू नका. हसवणारे आपसूक विसरतात, उरलेले घशात अडकून बसतात! नव्वदचं दशक संपत आलं होतं. हॉस्पिटलची ड्यूटी सांभाळून मी पन्हाळा रोडवरच्या एका वृद्धाश्रमात दर शनिवारी बीपी तपासायला जायचे.

पहिल्याच शनिवारी मॅनेजरबाई कौतुकानं म्हणाल्या, "सिस्टर, आमची म्हातारी माणसं लई शांत! भांडण न्हाय, तक्रार न्हाय."

खरंच शांत होती. दुपारी चारला सगळी गाढ झोपलेली. औषधांचं कपाट उघडलं, तर झोपेच्या गोळ्यांनी बिस्किटाचा अख्खा डबा भरलेला!

*

तात्या जुने पैलवान. ओठ फुटलेले, जीभ कोरडी. मी तांब्या पुढं केला, तर तोंड फिरवलं.

"पाणी प्यालं की लघवीला न्यायला कोण येत न्हाय. गादी भिजती, मग दिसभर त्यातच पडायचं. त्यापरीस तहान बरी की!"

*

अक्काताईंच्या दोन्ही मनगटांवर निळे वळ. "हे कशानं हो?"

त्यांनी आधी दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "बांगड्या घट्ट हायत."

हातात एकही बांगडी नव्हती! मी वहीत बीपी लिहिलं आणि घरी गेले. होय, नुसती घरी गेले.

*

एकदा अक्काताईंचा मुलगा आला. कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर. आईच्या अंगावर कोरी साडी बघून खूश! "सिस्टर, घरातबी एवढी बडदास्त झाली नसती."

तो गेटबाहेर पडला, तशी आयाबाईनं साडी सोडून घेतली आणि शेजारच्या आजींना नेसवली. त्यांची लेक यायची होती.

त्या दिवशी मात्र मी घरी गेले नाही. सरळ सरकारी ऑफिस गाठलं आणि बघितलेलं सगळं लिहून दिलं.

*

एका शनिवारी मी तिथं असतानाच तपासणीला साहेब आले, पण आधी फोन करून! सगळीकडं फिनेलचा वास, कॉटवर नव्या चादरी. सगळ्यांना रांगेत बसवलेलं, मॅनेजरबाई साहेबांना चिकटून उभ्या.

"जेवण कसं हाय?"

"बेस."

"काय त्रास?"

"न्हाय."

अक्काताई "न्हाय." तात्यासुद्धा "न्हाय!"

साहेबांनी फाईल मिटली. मॅनेजरबाई खुशीत आल्या. "साहेब, नवीन फॅन बघा की!" म्हणत त्यांनी दाखवायला झटकन हात वर केला.

रांगेतल्या सगळ्या आज्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

साहेबांनी एकेका आजीकडं बघितलं. मग फाईल परत उघडली.

"मॅनेजरबाई, तुम्ही जरा बाहेर थांबा."