बेटावरची खाचरं

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. डबा संपला की हात पुसतो, मोबाइल काढतो आणि गेममधलं आपलं बेट सजवायला घेतो. तेव्हा कुणी बोललेलं त्याला खपत नाही. बाकीचे लोक अशा बेटावर बंगले, कारंजी, गुलाबांच्या बागा करतात. ह्याने नुसती भाताची खाचरं केलीयत. कडेला एक विहीर आणि दगड मांडून केलेली गावदेवी.

"घर कुठे बांधणार?" मी एकदा विचारलं.

"बघू," म्हणाला. जांभई दिली आणि बेटावरचा एक नारळ उचलून जरा डावीकडे लावला.

मानपाड्याला त्यांची शेती होती, एवढंच मला माहीत आहे. आता त्याच जमिनीवरच्या टॉवरमध्ये तो राहतो. त्यावर तो बोलत नाही, मीही उकरत नाही. दुपारी दोघांनाही तेवढा दम नसतो.

काल चहा आणायला जाताना त्याने पहिल्यांदाच मोबाइल माझ्या हातात दिला. मी गेममधला त्याचा माणूस विहिरीकडे न्यायला लागलो, सरळ खाचरातून. स्क्रीनवर काही बिघडलं नाही, हिरवं तसंच राहिलं. तेवढ्यात तो आला, आणि हातातला चहा तसाच धरून ओरडला,

"अरे, बांधावरून चाल ना! भात तुडवतोयस."